हुंकारा

आमच्या भागात रात्री गोष्ट सांगणारी आजी आधी एक अट घालत असे. ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. दर दोन-चार वाक्यांनंतर अंधारातून 'हं' आले पाहिजे. ते आले नाही, तर ती राजाला भर रानात उभा करून थांबे आणि विचारी, "झोपलास का रं?" लहानपणी मला वाटे की हुंकारा म्हणजे आपण जागे असल्याचा पुरावा. त्याचे खरे काम फार उशिरा कळले. त्या 'हं'च्या सुरावरून आजीला समजे की पोर घाबरले आहे, कंटाळले आहे की उत्सुक झाले आहे, आणि त्याप्रमाणे ती राक्षस लवकर मारी किंवा रान आणखी लांबवी. गोष्ट तिची असली तरी तिचे अर्धे काम ऐकणाऱ्याकडे असे.

मोबाइलमुळे माणसामाणसांतला संवाद तुटत चालला आहे, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते, परंतु नेमके काय तुटते आहे हे सहसा सांगितले जात नाही. बोलणे कमी झाले म्हणावे, तर दिवसभर कुणी ना कुणी कुणाशी तरी बोलतच असते, आणि पूर्वी वर्षातून एकदा भेटणारे सोयरे आता रोज सकाळी संदेश पाठवतात. माझे म्हणणे असे आहे की मोबाइलने आपल्या घरांतून बोलणे नेलेले नाही, हुंकारा नेला आहे. हुंकारा गेला की बोलणाऱ्याला जे सांगायचे असते, त्यातले सगळ्यांत अवघड तेवढे आत राहून जाते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जिथे अडचणीच्या वेळी माणसाला माणसाचाच आधार असतो, ही हानी फार मोठी आहे.

हे मी इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात मी लातूरहून उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. रात्रीची जेवणे झाल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात बाजेवर बसले होते आणि मी शेजारी ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो होतो. अण्णा आधी पावसाचे बोलले, मग बांधाचे, मग कडब्याचा भाव किती चढला आहे त्याचे. मी 'हं, हं' करत होतो, पण माझे डोळे आणि माझे मन दोन्ही स्क्रीनवर होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते बैलांचं म्हणत होतो..." आणि थांबले. मी वर न पाहताच विचारले, "काय बैलांचं?" बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग "ऱ्हाऊ दे, काई नाही," असे म्हणून ते आडवे झाले. पुढच्याच बाजाराला त्यांनी बैलजोडी हाळीला नेऊन विकली. मला ते शेजारच्या काकांनी फोनवर सांगितले.

ज्यांच्या दावणीला चाळीस वर्षे बैल होते, त्या माणसाला दावण रिकामी करण्यापूर्वी एकदा मुलाशी बोलायचे होते. पाऊस, बांध आणि कडबा ही त्या बोलण्याकडे जाणारी पायवाट होती. कडबा महागला याचा अर्थ बैल पोसणे आता झेपत नाही, एवढे मला समजायला हवे होते. मी वर पाहिले असते, तर ते समजलेही असते, कारण अण्णांचा चेहरा काही लपवू शकत नाही. त्यांनी मला यावरून कधी बोल लावला नाही. मला मात्र त्या 'काई नाही'चा विसर पडलेला नाही.

अवघड गोष्ट आपल्याकडे कुणी पहिल्या वाक्यात सांगत नाही. सावकाराचे देणे, मुलीसाठी आलेले आणि मोडलेले स्थळ, अंगावर काढलेले दुखणे, सासरी लेकीचे होणारे हाल, यांपैकी कोणताही विषय असो, माणूस आधी पाऊसपाण्याचे बोलतो, मग सोयऱ्याधायऱ्यांचे, मग कुणा तिसऱ्याच्याच घरातले काही सांगतो, आणि या सगळ्या वेळात ऐकणारा खरोखर ऐकतो आहे याची खात्री पटली, तरच शेवटी स्वतःचे सांगतो. वरवर निरर्थक वाटणाऱ्या गप्पांचे हे खरे मोल आहे. त्या गप्पा म्हणजे पाणी किती खोल आहे हे पाहण्यासाठी आधी टाकलेला पाय असतो. ऐकणाऱ्याची नजर खाली गेली की तो पाय मागे घेतला जातो.

सांगणाऱ्याची कथा ऐकणाऱ्यावर किती अवलंबून असते, याचा एक सुंदर प्रयोग कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. स्वतःवर आलेल्या एखाद्या संकटातून आपण थोडक्यात कसे वाचलो, हे सांगणाऱ्याने समोरच्या अनोळखी माणसाला सांगायचे होते. काही ऐकणाऱ्यांना मात्र गुपचूप एक वेगळेच काम दिलेले होते. सांगणाऱ्याच्या बोलण्यात एका ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात, ते त्यांनी मोजायचे होते. हे लोक समोरच बसले होते आणि सांगणाऱ्याचा प्रत्येक शब्द त्यांच्या कानावर पडत होता, परंतु त्यांचे मन अर्थाऐवजी मोजण्यात गुंतले होते. परिणाम झाला तो सांगणाऱ्यांवर. त्यांच्या कथा बिघडल्या, आणि सगळ्यांत जास्त बिघडला तो शेवट, म्हणजे नेमका तो भाग जिथे ऐकणाऱ्याचा श्वास अडकायला हवा होता. चांगले बोलता येणारी माणसे तिथे येऊन अडखळली, त्याच त्याच गोष्टीभोवती घोटाळली किंवा एकदम आटोपते घेऊन मोकळी झाली. तेव्हा कुणाच्या हातात आजच्यासारखा मोबाइल नव्हता. ऐकणाऱ्याचे चित्त दुसरीकडे असणे एवढेच पुरेसे ठरले.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. गोदावरीच्या काठी पैठणजवळ आपेगाव आहे, ज्ञानदेवांच्या घराण्याचे गाव. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात, आणि तेवढे दिलेत तर सर्व सुखाला पात्र व्हाल, अशी प्रतिज्ञा करतात. एवढा मोठा ग्रंथ सांगणाऱ्यालाही आपले बोलणे श्रोत्याच्या अवधानावर उभे आहे याची जाणीव होती. अवधान ही ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला द्यायची वस्तू आहे, हा विचार ज्या मातीत सातशे वर्षांपूर्वी बोलून दाखवला गेला, तिथल्याच ओसऱ्यांवर आज ती वस्तू मिळेनाशी झाली आहे.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत आपण म्हणतो, 'बाळ हुंकार द्यायला लागलं.' दोन-तीन महिन्यांचे मूल आईच्या तोंडाकडे पाहून आवाज करते, आई तसाच आवाज करून उत्तर देते, आणि माणसाचा पहिला संवाद असा शब्दांच्या आधीच सुरू होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांना काही मिनिटे मुलासमोर चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते. आई तिथेच होती, मुलाकडे पाहतही होती, परंतु तिच्याकडून उत्तर येत नव्हते. मुलांनी आधी हसून, मग हातवारे करून तिला पुन्हा बोलते करण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी मान फिरवली. प्रयोगातल्या त्या आयांचा चेहरा थोड्याच वेळात पूर्ववत झाला. मांडीवर मूल आणि हातात मोबाइल असलेल्या आईचा किंवा बापाचा चेहरा मात्र दिवसातून कित्येकदा तसा होतो. मुलाला घास भरवताना समोर व्हिडिओ लावून देण्याची रीत तर आता खेड्यांतही रुळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील मुलाला स्क्रीन मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती दिवसाला एका तासापेक्षा जास्त असू नये. हा सल्ला बहुधा डोळ्यांच्या काळजीने वाचला जातो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. स्क्रीन मुलाशी बोलते, पण मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही, आणि भाषा येते ती उत्तर मिळाल्याने.

इथे माझ्या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप मी मांडले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप असा की पूर्वीचा संवाद सगळ्यांचा नव्हता. गावच्या पारावर बायका बसत नव्हत्या, आणि पुरुषांतही कुणी पारावर बसायचे, कुणी खाली आणि कुणी यायचेच नाही, हे जातीने ठरलेले असे. घरात सुनेचा आवाज चुलीपलीकडे जात नसे. लेक सासरी गेली की नागपंचमीला किंवा दिवाळीला मुराळी येईपर्यंत तिला माहेरचा शब्द ऐकू येत नसे, आणि तिच्यावर काय गुदरते आहे हे तिच्या आईला कळायला महिने लागत. आज तीच लेक दुपारी घरात कुणी नसताना दार लोटून आईशी बोलते. तिच्या हातातला मोबाइल काढून घ्या असे सांगणारा कोणताही लेख मी लिहिणार नाही. जुन्या पाराच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी तिथे कुणाला जागा नव्हती हेही आठवावे.

दुसरा आक्षेप बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून येतो. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको दोघे कोयता घेऊन फडात असतात आणि पुष्कळदा मुले गावी आजीआजोबांजवळ राहतात. संध्याकाळी कोपीसमोर बसून ती आई व्हिडिओ कॉल लावते. पोर पडून गुडघा फुटलेला असतो तो कॅमेऱ्यासमोर धरतो, ती तो नीट दिसेपर्यंत "जरा वर घे, उजेडात घे," म्हणत राहते आणि मागून सासूला हळद लावायला सांगते. दिवसभर ऊस तोडून हात सोललेल्या त्या बाईचे सगळे अवधान त्या चार बोटांच्या काचेवर असते. तिथे हुंकारा पूर्ण मिळतो. म्हणून मी मोबाइलला दोष देताना हा भेद सोडू शकत नाही. दूरच्या माणसाला जवळ आणण्यासाठी वापरला जाणारा मोबाइल हा नात्याचा आधार आहे, आणि जवळच्या माणसाला दूर ठेवण्यासाठी वापरला जाणाराही तोच आहे. पलीकडे एखादे माणूस ऐकत आहे की नुसतीच न संपणारी चित्रे सरकत आहेत, यावरून त्याचे रूप ठरते.

या भेदाने सगळे सुटते असेही नाही. लातूरमध्ये शिकवत असल्यामुळे मी रोज नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडून आलेली मुले पाहतो. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने गेली कित्येक वर्षे अकरावी-बारावीसाठी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी इथे मुले येऊन राहतात. संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात ती फोन कानाला लावून बसलेली असतात. पलीकडे आईबाप असतात, तेव्हा माणूस नाही असे म्हणता येत नाही. तरीही मी जिन्यावरून जाताना जे ऐकू येते ते बहुतेक सारखेच असते. "जेवलास का? टेस्टला किती पडले?" आणि इकडून, "हो. पाचशे दहा." दोन मिनिटांत फोन संपतो आणि मूल दोन तास रील्स पाहते. पूर्वी आईबाप महिन्याला डबा घेऊन येत, मुलाशेजारी कॉटवर दुपारभर बसत, आणि त्या बसण्यात केव्हातरी मूल म्हणे की मला इथे करमत नाही. रोज बोलतो या समाधानात आता ते येणे कमी झाले आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने तीन महिने वर्गात मन लागत नसल्याचे मला सांगितले तेव्हा मी विचारले, "घरी बोललास का?" तो म्हणाला, "सर, रोज बोलतो." त्याला माझा प्रश्न कळला नव्हता असे नाही. त्याच्याजवळ दुसरे उत्तर नव्हते.

शांतपणे सोबत बसणे हाही संवादच असतो, आणि मोबाइल सगळ्यांत आधी त्यावर घाला घालतो. गेल्या पौषात मी एका सोयऱ्यांच्या घरी मातीला गेलो होतो, आणि नंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा भेटायला गेलो. आपल्याकडे अशा घरी जाऊन फार बोलायचे नसते. सतरंजीवर बसायचे, पाणी घ्यायचे आणि घरच्या माणसाने सांगायला सुरुवात केली की ऐकायचे. गेलेल्याची शेवटची रात्र कशी गेली, केव्हा घाम फुटला, गाडी केव्हा सांगितली, वाटेत कुठे मान टाकली, हे त्या घरचा मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि येणाराही ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकतो. तेच तेच सांगण्यातूनच मरण हळूहळू खरे वाटू लागते. त्या दुपारी सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस जण होतो आणि निम्म्यांच्या माना खाली होत्या. मुलाने सांगायला सुरुवात केली. तो दवाखान्याच्या दारापर्यंत आला तेवढ्यात कुणाच्या तरी फोनमधून गाण्याचा तुकडा मोठ्याने वाजला आणि त्या गृहस्थाने घाईने तळहाताने तो दाबला. मुलाने तिकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मग काय, गेले." बाव्हेलासबाईंच्या प्रयोगातला बिघडलेला शेवट मला त्या दिवशी समोर दिसला. त्या मुलाला वडिलांच्या मरणाची गोष्टही पुरती सांगता आली नाही.

मोबाइल हातात घेतला नाही, नुसता समोर ठेवला, तरी फरक पडतो का, हे इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी तपासले होते. अनोळखी माणसांच्या जोड्या दहा मिनिटे बोलायला बसवल्या. काहींच्या जवळ मोबाइल ठेवलेला होता, काहींच्या जवळ साधी वही. २०१२ साली पुढे आलेला निष्कर्ष असा की मोबाइल असलेल्या जोड्यांना एकमेकांविषयी जवळीक कमी वाटली, आणि गप्पा साध्या असताना नव्हे, तर विषय मनाला भिडणारा असताना हा फरक उठून दिसला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसेच आढळले असे नाही, त्यामुळे मी या एका अभ्यासावर फार भार टाकणार नाही. तरी अवघड विषयालाच धक्का बसतो, ही त्यातली गोष्ट मी आमच्या अंगणात अनुभवलेली आहे.

आता दोष कुणाचा, हे पाहिले पाहिजे. माणसाने मन आवरावे, एवढे सांगून जे थांबतात ते अर्धेच सांगतात. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, गोष्टीला शेवट असतो, जत्रेचा तंबूही रात्री उतरतो. मोबाइलवरच्या चित्रांना शेवट नाही, आणि तो नसणे हे कुणीतरी ठरवून केलेले आहे. बोट सरकवत राहावे आणि खाली नवे येतच राहावे, ही रचना २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केली आणि नंतर त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपण किती वेळ पाहत राहतो यावर ज्यांच्या जाहिरातींचे उत्पन्न उभे आहे, त्या कंपन्यांनी थांबण्याची प्रत्येक जागा काढून टाकली आहे. त्यात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि तोवर जपून वापरावे लागणारे इंटरनेट काही महिन्यांत खेड्यापाड्यांत पाण्यासारखे वाहू लागले. पाण्याच्या बाबतीत टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतही ते कधी आटले नाही. अशा प्रवाहासमोर दिवसभर राबून थकलेल्या माणसाला एकट्याने उभे राहायला सांगणे न्याय्य नाही.

सरकारही मोबाइल हातातून खाली ठेवू देत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची झाली. पीक विम्यात नुकसानीची सूचना बहात्तर तासांच्या आत द्यावी लागे आणि ती बहुधा मोबाइलवरूनच दिली जाई. अंगणवाडीताई मुलांची वजने मोबाइलवर भरते. शाळांचे गृहपाठ कोरोनाच्या काळात, २०२० साली, मोबाइलवर गेले आणि पुरते परत आलेच नाहीत. मी स्वतः रात्री दहा वाजता विद्यार्थ्यांच्या गटावर सूचना टाकलेल्या आहेत, आणि त्या वाचण्यासाठी मोबाइल उघडलेले मूल पुढे काय पाहत बसले असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. गेल्या जूनपासून मी ते बंद केले आहे. सायंकाळी सहानंतर शाळा-महाविद्यालयांनी मुलांच्या मोबाइलवर काही पाठवू नये, एवढा नियम शिक्षण खात्याला एका परिपत्रकाने करता येईल, आणि त्याला एक पैसाही लागणार नाही.

काही गावांनी स्वतःहून उपाय केले आहेत आणि मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही संध्याकाळी दोन तास तसेच ठरवले. यवतमाळ जिल्ह्यातील बांशीच्या ग्रामसभेने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल न देण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवणारा कायदाच २०२४ साली संमत केला.

या सर्व उपायांत मला एक उणीव दिसते. ते प्रामुख्याने मुलांसाठी आणि बहुतेक अभ्यासासाठी आहेत. भोंगा वाजल्यावर मूल पुस्तक उघडते ही चांगली गोष्ट आहे, परंतु त्या दीड तासात बाप त्याच्याशी काय बोलतो, आजी कुणाला काय सांगते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्या अंगणात हुंकारा चुकला तेव्हा मोबाइल पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात होता. सतरंजीवर माना खाली घातलेले सगळे मिशा पिकलेले पुरुष होते. मुलांना शिस्त लावण्याच्या निमित्ताने आपण आपले हात मोकळे करणे टाळतो आहोत, असे मला वाटते. म्हणून माझी विनंती ग्रामसभांना अशी आहे की ठराव करायचाच असेल, तर पहिला ठराव मोठ्यांसाठी करावा आणि तो लहानसाच असावा. ज्या घरी माती झाली आहे, त्या घरी भेटायला जाताना मोबाइल गाडीत किंवा उंबऱ्याबाहेर ठेवायचा, एवढाच. कुणी दंड करण्याची गरज नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, हे जसे कुणाला सांगावे लागत नाही, तसे हे चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडेल.

दुसरी जागा मला वेळा अमावस्येची दिसते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत येळवसेला घरेदारे ओस पडतात, सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचे जेवण होते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवण्याची रीत त्या दिवशी पाळली जाते. शहरात गेलेली मुले-सुना यायची ही एकच वेळ अनेक घरांना उरली आहे. गेल्या येळवसेला आमच्या रानात मी पाहिले, आंबिलीचे गाडगे आधी कॅमेऱ्यासमोर धरले गेले आणि मग ओठांना लागले. फोटो काढू नये असे मी म्हणत नाही. तो घरी राहिलेल्या आजारी चुलतीसाठी असेल, तर जरूर काढावा. परंतु जेवण झाल्यावर ज्वारीच्या उभ्या पिकाकाठी बसून जे बोलणे चालायचे, पाण्याची पाळी, वाटण्या, कुणाचे लग्न यंदा उरकायचे, ते बोलणे त्या दिवशी झाले नाही. आमच्या घरातल्या दोन भावांमधली वाटणीची गोष्ट तीन वर्षे अशीच येळवसेवर ढकलली जाते आहे, आणि दरवर्षी ऊन उतरते तेव्हा सगळे आपापल्या फोनमध्ये असतात.

आमच्या घरी आम्ही आता एक ठरवले आहे. गावी असलो की दिवेलागणीनंतर सगळ्यांचे मोबाइल माजघरातल्या कोनाड्यात ठेवायचे. आवाज चालू ठेवायचा, म्हणजे पुण्याहून बहिणीचा फोन आला तर उठून घेता येतो. पहिल्या दिवशी सगळेच अवघडून बसलो होतो आणि माझा हात दोनदा खिशाकडे गेला. अण्णा नऊलाच झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पावसाचे काढले. तिसऱ्या खेपेला, म्हणजे मी महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा, माय भांडी आवरून बाजेच्या पायथ्याशी येऊन बसली होती, अण्णा कडब्याच्या भावावर आले आणि मी काही न बोलता ऐकत राहिलो. मग ते म्हणाले, "गोठा नुसताच उभा आहे. पत्रे काढून विकावे म्हणतो, नाहीतर वाऱ्यानं जातील." मी विचारले, "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" ते बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिले आणि मग बैलांबद्दल बोलू लागले, कोणता डावीकडे चालायचा, कोणाला पाण्यात उतरायला भीती वाटायची, हाळीच्या बाजारात घेणारा माणूस कसा होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पत्र्यांचे अजून ठरलेले नाही.